शंभराला एक

मोरीतलं पाणी पहिल्यांदा उलटं चढलं तेव्हा
मी भाच्यावर ढकललं, तो घरीच केस कापून घ्यायचा.
तिसऱ्या दिवशी पवननगरातून पोपट गांगुर्डे आला,
पहारीनं चेंबरचं झाकण उचकटलं,
आणि उकिडवा बसून
कुणाच्या घशात बघावं तसा बघत राहिला.

"सिडकोचा पाइप. चिनीमातीचा.
घराचा ताबा मिळाला त्या सालचा."
मी सालं मोजली. अडतीस.

वर वीतभर मुरूम, मग काळी,
फावड्याला चिकटली की सुटता सुटेना.
"ही झोपत नाही, काका.
पावसाळ्यात फुगते. मेमध्ये अशी फाटते
की भेगेत हात जातो.
वर्षातून एकदा पाइपाला उचलते, एकदा सोडून देते.
तुम्ही वर कॅरम खेळताय."

तीन फुटांवर तो दिसला,
तपकिरी, अजून चकाकणारा.
सांध्यातल्या सिमेंटचा भुगा,
एक तुकडा दुसऱ्याच्या दोन बोटं खाली,
आणि फटीतून आत शिरलेली
निरगुडे वहिनींच्या बदामाची मुळं,
ओल्या अंबाड्याएवढी.

दोन बोटं!
अंबडच्या टूलरूममध्ये मी तीस वर्षं
केसाच्या दहाव्या हिश्श्यासाठी जॉब परत पाठवले.
सुकदेव बेंडकुळेचा एक दिवसाचा पगार कापला होता,
दोन शतांश मिलिमीटरसाठी.
तो काही बोलला नव्हता.

वहिनी कुंपणाशी येऊन ओशाळल्या. झाड तोडू का?
पोपट म्हणाला, "झाडाचं काय चुकलं?
गळतं तिथं ते येणारच."
मी खाली बघितलं. पडलेले बदाम
दगडानं फोडून खाणारा मीच.

नवा पाइप पीव्हीसीचा. खाली काळी नको,
वाळू अंथरली, बाजूनं मुरूम ठोकला.
उतार शंभराला एक.
"जास्त दिला तर पाणी पळतं, घाण मागे राहते.
कमी दिला तर दोन्ही राहतात."
मी आतून माझी लेव्हल आणली,
निवृत्तीच्या दिवशी खिशात घालून आणलेली.
बुडबुडा थरथरला, रेषेपाशी थांबला.

संध्याकाळी कमलनं मोरीत बादली ओतली.
मी चेंबरशी गुडघे टेकून:
एक, दोन, तीन, चार
"आलं का?"
"आलं."

उरलेल्या काळ्या मातीच्या वहिनींनी दोन पाट्या नेल्या.
बाकी ढीग तसाच, फाटकाशी, उन्हात.
चौथ्या दिवशी त्याला भेग पडली होती.
बोट घालून पाहिलं.
मावलं.