गळती

बुर्या सुटला की आमच्या खोऱ्यात
लोक कौलांवर दगड ठेवतात.
आणि मी गॅरेजात बसून
एका पिशवीतली हवा काढत असते.

कोटांचा कारखाना बंद पडला तेव्हा
हातात एवढंच उरलं होतं : कापड ओळखणं.
हेही कापडच.
काळं, निसरडं, कात्री लागली की कडेनं उसवत जाणारं.
जुन्या मोटारसायकलींची मडगार्डं
मी यातून बेतते, पूर्वी खांदे बेतायची तशी,
उभा धागा आडवा धागा बघून.
रात्रभर भट्टीत ठेवलं
की सकाळी वाकत नाही.

साचा वोय्कोचा, माझ्या दिराचा.
दोघांचा धंदा, पाटीवर नाव त्याचं आधी.
मग विमानांच्या कारखान्यानं त्याला बोलावलं.
पगाराला रविवार असतो, म्हणाला.
खोटं नाही.
साचा माझ्याकडे राहिला
आणि साच्याच्या डाव्या कडेला
ओल्या थरात कधीतरी टेकलेला त्याचा अंगठा.
प्रत्येक मडगार्ड तो उंचवटा घेऊनच निघतं.

ऊदिनेचे बर्तोस्सी म्हणाले,
इथे काहीतरी उमटलंय.
मग म्हणाले, बाहेरून निम्म्या किमतीत येतात.
दोन्ही खरं.

मी अंगठा घासते.
चारशेचा कागद, पाणी, आठशे, पाणी, दोन हजार.
वीस मिनिटं. बिलात ती कुठे लिहायची
अजून कळलेलं नाही.
कोळसा उगाळावा तितका काळाच.
पण हा घासला की खालची वीण वर येते,
आणि तीही काळीच.

फ्रीझरमध्ये वर मटार आणि नवऱ्यानं मारलेलं हरीण,
खाली राळ लावलेलं कापड, त्यावर तारीख.
काल त्या तारखेचा शेवटचा दिवस होता.
पिशवी बंद केली, पंप लावला,
आणि काटा खाली येऊ लागला.
सावकाश. एका मिनिटाला अर्धी रेघ.

एरवी गळती कानानं सापडते,
शिवणीजवळ कुणी दातांतून श्वास घेतल्यासारखी.
पण बाहेर बुर्या. पत्रा, दार, खिडकी
सगळंच शिट्ट्या घालत होतं.
अख्ख्या खोऱ्याची गळती ऐकू येत होती
माझी सोडून.

गुडघे टेकून, कान लावून बसून राहिले.
वोय्कोला फोन करावा असं वाटलं, केला नाही.
दोन वाजून गेल्यावर वारा क्षणभर अडखळला.
डावी कड, तिसरी घडी.
चिकटपट्टीवर अंगठा दाबून धरला,
काटा थांबला,
तरी बराच वेळ काढला नाही.

आज टपाल कचेरीत ल्युडमिलानं
खोकं दोनदा काट्यावर ठेवलं.
नेवेंका, यात काही घातलंयस ना?
घातलंय.
मग वजन कुठे आहे?

म्हटलं, हलवून बघ.