तंगूस

वेंगुर्ल्याला बंदराच्या रस्त्यावर
बर्फाच्या कारखान्याला चिकटून एक खोली होती.
खिडकीला बारदान. तिकीट दोन रुपये.
दारावर खडूनं लिहिलेलं: आज रात्री धार्मिक कॅसेट.
ते मीच लिहायचो, अक्षर बरं म्हणून.
व्हीसीआरचं हेड पुसायचं कामही माझं,
पाचाच्या कोऱ्या नोटेनं, जपून,
पाळण्यातल्या पोराचं नाक पुसावं तसं.

कॅसेट आणायचा इनास तारवटी.
भाषा इटलीची की स्पेनची, त्यालाही ठाऊक नव्हतं.
खाली अक्षरं तिसऱ्याच देशाची,
आणि मध्येच, अर्धा मिनिट,
कुणाच्या तरी घरचा वाढदिवस:
टोप्या घातलेली पोरं, केक,
की परत स्मशान.

त्यात एक उमरावीण होती.
तीनशे वर्षांपूर्वी मेलेली,
केस मात्र आजच सेट केलेले.
झिरझिरीत गाऊन घालून ती जिना उतरायची,
उतरतच राहायची.
जिना त्यांच्याकडे एकच असणार.
वारा सुटलेला, गाऊन उडतोय,
हातातल्या मेणबत्तीची ज्योत ढिम्म.

काशिनाथ मेस्त म्हणाला, खांब प्लायवूडचे.
आजगावकर शिंप्यानं गळा पकडला गाऊनचा:
काज आहे, बटणच नाही,
मग घसरणारच, त्यात तिचा काय दोष.
रक्त आलं तेव्हा मागून कोण तरी,
ह्यां रगात नाय रे, आगळ!
आणि वटवाघूळ आलं तेव्हा
आबा कुबल उभाच राहिला:
तंगूस दिसता रे! चाळीस नंबर!
माशाला दिसू नये म्हणून जन्मभर निवडून घेतलेली,
ती त्याला परक्या देशात, काळोखात दिसली.
इतके हसलो की बर्फवाल्यानं भिंत ठोकली.

भ्यायला आम्ही जातच नव्हतो.
भ्यायला घरचं होतं,
तिठ्यावरचा देवचार, विहिरीवरची हडळ.
त्यांना हसायची कुणाची छाती?
ही परकी. हिला हसलं
तर नारळ द्यावा लागत नव्हता.

आणि दुसरं काही बघायला जे जायचे
(सगळेच जायचे, मीही)
त्यांच्या वाट्याला खांदा, पाठ,
आणि नेमक्या वेळी पट्ट्या.
ट्रॅकिंगचं बटण फिरवून माझी बोटं दुखायची,
शिव्या माझ्या आईला.

एका रात्री पट्ट्या थांबल्या.
ती शवपेटीत, मेलेली, उघड्या खांद्यांची.
कॅमेरा जवळ, आणखी जवळ,
आणि दंडावर काटा.
पिसं काढलेल्या कोंबडीसारखा, खरा.
मेलेली बाई कुडकुडत होती.
आमच्या पाठी बर्फाच्या भिंतीला टेकलेल्या,
कळलं आम्हाला.
शिट्टी वाजली नाही.
आबा हळूच म्हणाला,
शाल दिया रे कोणी तरी तिका.

कोपऱ्यात सगुण धुरी बसायचा.
दशावतारात राणी व्हायचा, दाढी दोनदा घोटून.
तो हसायचा नाही.
तिची मान बघायचा फक्त.
आधी मान वळायची, मग डोळे,
मग उरलेली बाई.

त्या वर्षी मातोंडच्या जत्रेत, पहाटे तीनला,
मायेनं सुंदरी झालेली राक्षसीण आली.
राजाकडे पाठ करून थांबली.
आधी मान.
मग डोळे.
पेटीवाला एक सूर विसरला.
म्हाताऱ्यांनी पदर सावरले,
एकीनं तर हातच जोडले.
गर्दीत पांगलेले आम्ही दहा-पंधराजण
एकमेकांकडे बघत नव्हतो.
बघितलं असतं तर संपलंच होतं.

मी पुढे होतो, मुलांच्या रांगेत.
सगुणच्या गंगावनाला
मागून काहीतरी बांधलेलं चमकत होतं.
चाळीस नंबर असेल.
कुणाला बोललो नाही.