चार्ज

जळगावच्या शोरूममध्ये कोतकर नावाचा पोरगा
दोन कागद शेजारी शेजारी मांडतो.
हा विकतचा. हा भाडेपट्ट्याचा, छत्तीस महिने.
विचारतो, मॅडम, आधी इलेक्ट्रिक काही चालवलंय?
मी म्हणते, रोजच.
सहा हजार अश्वशक्ती, मागे अठ्ठावन्न वाघिणी,
भुसावळ ते बडनेरा.
तो हसतो, मग माझ्याकडे बघतो,
आणि माझ्यासाठी थंड पाणी मागवतो.

बाहेर सेहेचाळीस. फुलगाव फाट्यावर डांबर चपलेला चिकटतं.
या उन्हात बॅटरी किती वर्षं टिकेल,
ते कागदावर बारीक अक्षरात आहे.
माझ्या इंजिनाला वरून तार असते, ते निर्धास्त.
ही बिचारी आपली शिदोरी पोटात बांधून निघणार,
वाटेत संपली तर
वरणगावच्या कुणाच्या दारात जाऊन उभी राहणार?

हेमकांतनं कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब केलाय.
विकत घेतली तर साठ हप्ते, आणि नंतर आपली.
भाड्यानं घेतली तर छत्तीस, आणि नंतर
काही नाही. किल्ली टेबलावर, नमस्कार.
वर्षाला पंधरा हजार किलोमीटरची मर्यादा,
त्यापुढे दर किलोमीटरला पैसे.
मला तर जास्तीच्या किलोमीटरचे पैसे मिळतात.
इथे द्यायचे.
माणूस एकाच आयुष्यात दोन्हीकडून मोजला जातो तो असा.

सावद्याहून भावाचा फोन.
त्याच्या मते यात विचार करण्यासारखं काही नाहीच.
"भाड्याच्या गाडीले कुकू लावतं का कोनी?
लिंबू ठेवशीन चाकाखाली,
तं ते कोनाच्या नावाचं?"
हसले मी. पण रात्रभर ते लिंबू
डोक्यात गोल गोल फिरत राहिलं.

क्वार्टर रेल्वेचं. खिडकीतला कडुनिंब रेल्वेचा.
मीटर, नळ, दाराचा कडी-कोयंडा रेल्वेचा.
एकोणीस वर्षं मी
दुसऱ्याचं लोखंड अंगच्यासारखं सांभाळलं,
नाक्यावर बैल दिसला की पोटात गोळा आला,
आणि ड्यूटी संपली की
पुढच्याला चार्ज देऊन, सही करून,
डबा उचलून घरी आले.
मागे वळून बघितलेलं आठवत नाही.
म्हणजे मला सवय आहे. म्हणजे भाडेपट्टाच बरा.
असं कुकरच्या तीन शिट्ट्यांपर्यंत वाटतं.

धूर नाही मॅडम, बिलकुल नाही, कोतकर सांगतो.
दीपनगरच्या चिमण्या मला गच्चीवरून दिसतात.
तिथला कोळसा आठवड्यातून दोनदा
मीच नेऊन टाकते.
पोरगा नवीन आहे. मी बोलत नाही.

मग एक फेरी. नशिराबादपर्यंत जाऊन परत.
गाडी सुरू झाली हेच कळत नाही, इतकी गप्प.
पहिल्या चौकात माझ्या तोंडून मोठ्यानं निघतं: हिरवा!
पुढच्या चौकात: पिवळा, सावकाश!
शेजारच्या सीटवर कोतकर दचकतो.
त्याला काय माहीत, माझा सहायक
हे माझ्यामागून रोज म्हणतो,
कुणीतरी दुसऱ्यानं म्हटल्याशिवाय
मला रंग खरा वाटत नाही.

सीट मात्र मी माझ्या मापाची केली.
इंजिनात ती कधीच माझ्या मापाची नसते.
आधीचा उंच असतो, त्याच्या आधीचा जाड,
चढलं की पहिला खटका सीटचा.
इथे सरकवली, आणि क्षणभर वाटलं,
उद्या ती इथेच असेल. परवाही.
साठ हप्ते त्या एका बोटभर जागेसाठी.

हेमकांतचे पाय लांब आहेत. तो सरकवेलच.

शोरूमच्या सावलीत गाडी लावली,
हँडब्रेक दोनदा तपासला,
आणि समोर वही दिसली म्हणून
सवयीनं लिहून टाकलं:
सतरा बेचाळीस. चौदा किलोमीटर. दोष नाही. चार्ज दिला.

कोतकर वाचतो. म्हणतो, मॅडम, चार्ज तर
अजून एकाहत्तर टक्के आहे.

किल्ली माझ्या मुठीतच राहिलीय
हे दोघांच्याही लक्षात यायला
थोडा वेळ लागतो.