हलवणी

गावडोंगरीच्या रोपवाटिकेत
सुकांती वेळीप बादलीत काजूच्या बिया ओतते
आणि पाण्याकडे न बघताच विचारते,
"वर आल्या त्या मोजल्यास?"

वर आल्या एकशे चाळीस.
तळाशी बसल्या त्यांची रोपं होणार,
तरंगल्या त्या दुपारी आम्ही भाजून खाणार,
निम्म्या पोकळ.
टरफलाचा चीक उडून मनगटावर काळा डाग पडला,
तर म्हणाली, "लागली तुझी हजेरी."

मी खात्यातला नवा माणूस, वहीवाला.
मला वाटायचं, रोप वाढवणं म्हणजे पाणी घालणं.
पहिल्या वर्षी इतकं घातलं
की एका सकाळी तिसऱ्या वाफ्यात
दोनशे रोपं मान टाकून पडलेली,
मातीलगतचा देठ मऊ, तपकिरी,
उकडलेल्या शेंगेसारखा.
तिने एक उपटून माझ्या हातात दिलं.
बोलली नाही.
मोरचूद आणि चुना कालवायला बसली.

तेव्हापासून शिकतो आहे.
बी लावताना देठाकडची बाजू वर,
किंचित तिरकी, कुशीवर निजवल्यासारखी.
अंकुर टरफल डोक्यावर घेऊन येतो,
ते ओढून काढायचं नाही.
"घाई तुला आहे. त्याला नाही."
रात्री साळिंदर येतं,
त्याच्यासाठी दोरीला पत्र्याचा डबा.

पण सगळ्यात अवघड हलवणी.
दर पंधरवड्याला एकेक पिशवी उचलून
वीतभर पलीकडे ठेवायची,
नाहीतर मूळ खालच्या भोकातून उतरतं
आणि हीच जागा आपली समजतं.
उचलताना बारीक आवाज होतो,
कट्.
पाच हजार पिशव्या, दोन माणसं.
रात्री जेवतानाही तो माझ्या बोटांत असतो.

एकदा विचारलं, इथे किती वर्षं झाली?
"बावीस."
कायम?
"रोजावर," ती म्हणाली,
आणि पुढची पिशवी उचलली.

सांजांवच्या आदल्या दिवशी कायतानचा ट्रक आला.
रोपं चढली, शेंड्याची पानं अजून तांबूस,
उभ्या-उभ्या थरथरत.
कुंपणाकडची एक पिशवी मात्र हलेना.
हलवणीत आमच्याकडून राहून गेलेली.
मी कोयता घेतला.
सुकांतीने कायतानला हाक मारली,
"भरली रे गाडी, नी आता!"
आणि माझ्याकडे वळून,
"वहीत मेलं म्हणून लिही."

लिहिलं.

आज ते माझ्या छातीला लागतं.
पिशवी फाटून चिंध्या झाली आहे.
परवा साहेब तपासणीला आले,
वाफे मोजले, वही मोजली,
आणि कुंपणाकडे बोट करून म्हणाले, हे कुठलं?

मी वहीची पानं उलटत राहिलो.

"साळिंदराने पुरलं असेल,"
सुकांती वाकल्या-वाकल्या म्हणाली.
कट्.