मागील बाकी

दुधाच्या हिशेबाची जुनी वही होती,
तिच्याच मागल्या पानांवर लिहायला घेतलं:
अक्काताई ऐवळे. मणक्याचं ऑपरेशन, मिरज.
एक लाख ऐंशी हजार.
योजनेत बसत नाही म्हणाले.
रेशनकार्डावर ती अजून त्या नवऱ्याच्या घरात राहते,
ज्यानं तिला बावीस वर्षांपूर्वी बाहेर काढलं.

मार्केट यार्डात हळदीच्या वखारीतल्या तोलारानं
खिशातून चार नोटा काढल्या, पिवळ्या पडलेल्या.
त्याच्या बापाला तिनं आठ महिने भरवलं होतं.
"शेवटी शेवटी बाबा तिलाच आई म्हणायचे,"
एवढं बोलून तो पोती मोजायला वळला.
वहीला अजून वास येतो.

विश्रामबागेत तिसरा मजला.
दाराची साखळी न काढता एक बाई म्हणाल्या,
"पगार वेळेवर द्यायचो हो आम्ही. दिवाळीला साडीसुद्धा."
मी म्हटलं, खरंय.
उतरताना पायऱ्या मोजल्या. छप्पन्न.
लिफ्ट नाही.
त्यांच्या सासऱ्यांना डायलिसिसला
आठवड्यातून दोनदा इथूनच उतरवलं असणार तिनं.

मेडिकलवाल्यानं तिची उधारी खोडली, तीही मी रकमेत धरली.
भिलवडीहून कुणी मोबाइलवर एकशे एक पाठवले,
नाव नाही, नुसतं "पाठीसाठी".

मग माझी ओळ आली.
पेनाचं टोपण काढून बराच वेळ बसलो.
चार वर्षं आमच्या आईला
रात्री दर दोन तासांनी कुशीवर वळवलं तिनं,
एक जखम होऊ दिली नाही पाठीला.
पहिल्या दिवशी तिनं तीनशे ऐंशी मागितले होते.
मी साडेतीनशेवर आणलं,
मंडईत मेथीची जुडी घेताना आणतात तसं,
आणि जिंकल्यासारखं आईला सांगितलंही,
जिला तेव्हा काही कळत नव्हतं.

तीस गुणिले तीनशे पासष्ट गुणिले चार.
लीप वर्षाचा एक दिवस सोडला;
सवय सुटत नाही.
त्रेचाळीस हजार आठशे.
देणगीच्या रकान्यात तो आकडा लिहवेना.
"मागील बाकी" असं लिहिलं
आणि खाली रेघ मारली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी
दोन पोरं तिला ट्रॉलीवर घ्यायला आली.
एकानं दंडाला धरून ओढलं.
"आरं, वडू नगंस," ती म्हणाली,
"काखंत हात घाल. गुडघं वाकीव, तुझं.
पाठीवर भार घेऊ नगंस पोरा,
न्हाईतर हितंच यावं लागंल निजाया."
मग माझ्याकडं बघून,
"तुमी बी या की. पायाकडनं."

मी वही खुर्चीवर ठेवली.
कधी उचललं नव्हतं मी कुणाला. आईलासुद्धा.
अक्काताई हलकी असेल असं वाटलं होतं.
नव्हती.