कापसाचा बर्फ

आमच्याकडे बर्फ म्हणजे कापूस.
नळ स्टॉपच्या मेडिकलमधून आणलेला,
निळ्या कागदातला पाचशे ग्रॅमचा गुंडा,
बिल संस्थेच्या नावे.
मी तो भिजवते, पिळते,
राय गवताच्या कोवळ्या पात्यांवर अंथरते.
नऊ वाणं, नऊ कुंड्या.
वर काळं प्लास्टिक, मग फ्रिज.
दोन अंश. सहा आठवडे अंधार.
बाहेर एप्रिल,
एरंडवण्यात डांबर चपलेला चिकटतंय.

ही बुरशी मला आवडते, खरं सांगायचं तर.
बाकी सगळं गारठून थांबलं
की हिची सकाळ होते.
तिकडे बर्फ पडला की गवताला वाटत असेल,
चला, पांघरूण मिळालं,
वाऱ्यातून सुटलो.
आणि त्याच पांघरुणाखाली
ही पान चघळत बसते, घाई न करता.
बर्फ वितळल्यावर कळतं:
गवत जमिनीला चिकटलेलं, भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं,
बुंध्याशी मोहरीएवढे तपकिरी दाणे.
दाणे म्हणजे तीच,
झोपलेली,
पुढच्या बर्फापर्यंत.

डॉक्टर मिराशी हे केलाँगला जाऊन बघून आले.
मी स्लाइडवर बघितलंय.

गुरुवारी आमच्या भागात वीज जाते.
जनरेटर आहे. डिझेल नसतं.
रजिस्टरमध्ये दर तीन तासांनी तापमान लिहायचं,
चार गुरुवार मी २ लिहिलं.
काटा अकरावर होता,
एकदा तर सतरावर.
२ हा सोपा आकडा आहे,
पेन उचलावं लागत नाही.

परवा कापूस काढला.
आठ कुंड्या आडव्या, करड्या तंतूंनी शिवलेल्या.
नववी, दारालगतची,
पिवळट, पण उभी.
डॉक्टरांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"कुंदाताई, हे वाण तग धरतंय हो!"
कुंडीवर पेन्सिलने चांदणी काढली,
चार बाजूंनी फोटो,
पालमपूरला कुणाला तरी फोन,
बोलता बोलता कॉरिडॉरभर फेऱ्या.
एकवीस वर्षांत हा माणूस
इतक्या मोठ्यानं बोललेला मी ऐकला नव्हता.
मी हात धूत होते.
टाकीचं पाणी, चहाइतकं गरम.
धुवून झाले तरी धूत होते.

ती कुंडी आता जिन्याच्या खिडकीत आहे.
बबन तिला येताजाता पाणी घालतो,
कुणी सांगितलेलं नसताना.
दोन नवी पाती आलीत,
इतकी हिरवी की बघवत नाहीत.
वाणाचा त्यात काही दोष नाही.
दाराला हवा लागली, ते वाचलं,
एवढीच गोष्ट.

कापूस गजावर वाळत घातलाय.
रजिस्टर माझ्या टेबलावर आहे, पालथं.
डॉक्टर म्हणाले, त्याची झेरॉक्स लागेल,
घाई नाही, उद्यापर्यंत द्या.

आज बुधवार.