आधी हात वर घे

आधी हात वर घे, रास्मुस.
कीबोर्डवरून. दोन्ही.
आता काही लिहायचं नाही, काही साठवायचं नाही,
माफीचं पत्रसुद्धा नाही.
जे गेलं, त्याच्या जागेवर
नवीन काही सांडू नये, एवढंच.

दाखव काय टाइप केलंस.
हं.
तिरप्या रेघेनंतर एक मोकळी जागा
आणि मग चांदणी.
अंगठा जरासा घसरला असेल,
पण चांदणीचा अर्थ यंत्राच्या भाषेत: सगळं.
मीही केलंय हे. दोन हजार नऊ साली,
पगाराच्या आदल्या रात्री.
तेव्हा मला कुणी बसही म्हटलं नव्हतं.
तू बस.

दोन वाजून दहा.
वर तिसऱ्या मजल्यावर
साल्मे कास्क नावाची बाई उपाशीपोटी झोपलीय.
सकाळी आठला तिचा खुबा उघडायचा आहे.
सीटीचं मशीन शुक्रवारपासून बंद,
आणि बेटावरून पहिली फेरी सुटेल ती पहाटे,
वाऱ्यानं सोडली तर.
तिचं हाड या क्षणी
तिच्या अंगाबाहेर कुठेच नाही.

घाबरलेला माणूस काय करतो, सांगू?
सगळंच परत आणायला धावतो.
बारा टेराबाइट. म्हणजे उद्या दुपार.
एक सुई हवी म्हणून
आख्खं गोदाम कुणी अंगणात ओततं का?
आधी वही बघायची.
बॅकअपची वही असते, कॅटलॉग म्हण:
कुठली फाइल, कुठल्या रात्रीची,
कुठल्या टेपवर, किती आत.
आणि टेपकडे जायच्याही आधी
डिस्कच्या स्वतःच्या पोटात बघ.
दर तासाला ती आपलंच एक चित्र काढून ठेवते,
नुसत्या यादीत दिसत नाही,
नाव घेऊन बोलवावं लागतं.
काखेत कळसा, गावाला वळसा,
असं तुमच्याकडेही काहीतरी म्हणत असतील.

पुसलं म्हणजे काय रे?
आधी फक्त नाव खोडलं जातं.
खोडलेल्या नावामागे ती फाइल
काही वेळ तशीच उभी असते,
कुणी हाक मारेल म्हणून.

एक वाजताचं चित्र उघड.
आता तारखेनं गाळ. मग आडनावानं.
बघ, कास्क. आठ फाइली.
मूळ जागी टाकू नकोस, बाजूला उतरव.
आणि परत आलं म्हणजे धड आलं, असं समजू नकोस.
एकेक उघडून बघ.

(इथे मी थोडा वेळ बोलले नाही.
एक गाळणी चुकीची लागली होती
आणि यादीत वर एक वेगळंच नाव आलं:
राजीनामा_२. चार किलोबाइट.
सोमवारी चार चाळीसला जन्मलेली,
चार एक्कावन्नला पुसलेली. मालक: रास्मुस.
तो खिडकीकडे बघत होता,
बाहेर बर्फाचा नांगर वळत होता.
मी चौकट कोरीच ठेवली.
न मागितलेलं परत द्यायचं नसतं.
नव्वद दिवसांनी यंत्रही विसरेल.)

दोन एकतीस.
पांढरं, तिरकं, भेगेसकट:
साल्मे कास्कचं हाड पडद्यावर आलं.
डॉक्टर उइबोंना फोन मीच केला;
ते म्हणाले, बरं, आणि ठेवला.
झोपेतच होते, त्यांना काय घडलं ते कळलंच नाही.
आमच्या कामाचं कौतुक साधारण असंच असतं.

घे, राईचा पाव आहे, वर मासा.
खा. हात थरथरतायत तुझे.

आणि ऐक. या आठवड्यापासून दर गुरुवारी
एक फाइल मुद्दाम पुसायची
आणि घड्याळ लावून परत आणायची.
परत आणून न पाहिलेला बॅकअप
म्हणजे नुसती श्रद्धा.

कुठली फाइल, त्यानं विचारलं.
तोंडात घास होता.

तू ठरव, मी म्हटलं.